हलकुडे अप्पांचं गाढव

“बारंगुळे मॅडम, तुम्ही गाढव चोरलंय?”

वाघचौरे सरांनी हे मला भर स्टाफरूममध्ये विचारलं. मधली सुट्टी होती. चहाचे कप तोंडाशी नेलेल्या सगळ्या बायका तशाच थांबल्या. सर आमचे मुख्याध्यापक, एरवी थट्टा करणाऱ्यातला माणूस नव्हे. त्यांच्या हातात रजिस्टर्ड पोस्टानं आलेलं एक पाकीट होतं.

“कुणाचं गाढव, सर?”

“सोलापूरच्या कुणा सिद्रामप्पा हलकुड्यांचं. घ्या, वाचा.”

अक्षर मोत्यासारखं, काना-मात्रा जिथल्या तिथं. मजकूर असा होता: ‘आपल्या शाळेने माझे गाढव चोरले आहे. एवढ्यावर न थांबता त्यास बहिरे केले आहे. नऊ दिवसांत व्हिडिओ काढून न टाकल्यास मी कॉपीराइट कायद्यानुसार पुढील पाऊल उचलेन. सिद्रामप्पा मल्लप्पा हलकुडे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, “नाम्याचं गाढव” या पुस्तकाचे लेखक.’ ‘लेखक’ या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

मला हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. पण दोन रेघा बघितल्या आणि हसू जिरलं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठावीसची होते आणि बार्शीत कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकवत होते. नोकरीचं तिसरं वर्ष. हातांची भाषा मला फर्डी येते असा माझा तेव्हा भारी तोरा होता. त्या वर्षी मी शाळेचं एक चॅनल काढलं होतं. वसतिगृहाची निळी चादर भिंतीवर टांगायची, पोरांनी तिच्यासमोर उभं राहून हातांनी गोष्ट सांगायची आणि मी फोनवर शूट करायची. आवाज नाही, अक्षरं नाहीत. अक्षरं नकोत हा पोरांचाच हट्ट. “सगळीकडे आम्हीच तुमचं वाचायचं का? एकदा तुम्ही आमचं वाचा,” असं पुढं वैजूनंही मला सुनावलं.

वैजू म्हणजे वैजयंता सरवदे, पांगरीची. वय तेरा, इयत्ता सातवी. पहिली दोन वर्षं ही पोरगी कुणाकडे बघायचीच नाही. बोलायला गेलं की डोळे मिटून घ्यायची. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की दार बंद, दुसरी वाट नाही. ग्रंथालयाच्या कपाटात तिला ते ‘नाम्याचं गाढव’ सापडलं, बत्तीस पानांचं, पिवळं पडलेलं. महिनाभर ती ते उशाशी घेऊन झोपली. मग एक दिवस स्वतःच येऊन माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणाली, “मी सांगते.” आणि अशी सांगितली की बास! डोक्यावर दोन पंजे उभे केले की गाढव, एका बोटानं जमीन टोकरली की गाढवाचा रुसवा. आमच्या अकरा गोष्टींतल्या बाकीच्या दहा मिळून हजारभर लोकांनी बघितल्या असतील. वैजूची छत्तीस हजारांनी बघितली. त्या दिवसापासून तिचे डोळे उघडे.

“हे पत्र संस्थेच्या मीटिंगला गेलं,” वाघचौरे सर म्हणाले, “तर एक व्हिडिओ नाही, अख्खं चॅनल बंद होईल. त्यांना आधीच हे नसतं झेंगट वाटतं. मीटिंग पुढच्या मंगळवारी आहे. तोवर मिटवा. लेखी आणा.”

माझा आतेभाऊ शिरीष बार्शी कोर्टात वकिली करतो. त्याला फोन लावला.

“वर्गात शिकवायला वापरलंस तर कुणी काही म्हणत नाही,” तो म्हणाला. “अपंग मुलांसाठी म्हणून कायद्यात सवलतही आहे. पण तू ते नेऊन ठेवलंस चव्हाट्यावर, साऱ्या जगासाठी. तरी वाद घालता येईल. लेखकाचं नाव घातलं होतंस ना?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ज्योत्स्ना, नाव?”

“राहिलं.”

“राहिलं म्हणजे?”

“राहिलं म्हणजे राहिलं! खाली फक्त लिहिलं, नाम्याचं गाढव, सादरकर्ती वैजू सरवदे. रात्री घाईत टाकला रे व्हिडिओ.”

“मग भांडू नकोस. जा आणि पाय धर,” असं म्हणून वकीलसाहेबांनी फोन ठेवला.

वैजूला सांगणं भाग होतं. मी सांगितलं, की पुस्तक लिहिणारे आजोबा रागावलेत, व्हिडिओ काढायला सांगतायत. तिचे हात बराच वेळ मांडीवर पडून होते. मला वाटलं, आता मिटते डोळे. पण तिनं विचारलं, “ते जिवंत आहेत?”

“आहेत. चांगले खणखणीत आहेत.”

“मग मी येणार.”

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी सोलापूरला निघालो. वैजूनं ते पुस्तक पिशवीत घातलं होतं. वाटेत मी मनातल्या मनात भाषणाची तालीम करत होते.

बाळीवेशीजवळच्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं. दार उघडलं ते अप्पांनीच. काटकुळा माणूस, पांढरं धोतर, वर बंडी आणि कपाळभर विभूतीचे तीन पट्टे. त्यांना बघताच वैजूचा चेहरा असा फुलला की मला कळेना, आपण भांडण मिटवायला आलोय की लग्नाला. तिनं तीन बोटं कपाळावरून आडवी फिरवली.

“राहू दे, राहू दे,” अप्पा घुश्शात म्हणाले. “नमस्कार दारातनं नको. आत या की.”

आत एक लाकडी कपाट, एक खाट, भिंतीला टेकवलेली सायकल. अप्पांनी स्वतः तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्यासमोर मास्तरासारखे ताठ बसले.

“बोला.”

मी भाषण सुरू केलं. आमची शाळा, आमची मुलं, आमचा हेतू. मग माझा हुकमाचा पत्ता टाकला. “आणि अप्पा, खरं सांगायचं तर आम्ही तुमच्या पुस्तकातला एकही शब्द घेतलेला नाही. सगळं हातांनी सांगितलंय.”

“शब्द काय माझ्या बापाचे आहेत ओ?” अप्पा म्हणाले. “शब्द सगळ्यांचे. गाढव माझं आहे.”

पत्ता गेला. दुसरा काढला. “अपंग मुलांसाठी कायद्यात सवलत असते...”

“असू दे की. तुमच्या शाळेत पोरं किती?”

“बेचाळीस.”

“आणि बघितलं किती जणांनी?”

“छत्तीस हजार.”

“मग ही छत्तीस हजार सगळी तुमच्या वसतिगृहात राहतात का?”

मी पाणी प्यायले. दुसरं करणार काय!

अप्पा उठले, कपाटातनं एक फाइल काढली. आतले कागद एकेक करून माझ्यासमोर ठेवायला लागले. “हे पुस्तक मी चौऱ्याऐंशी साली काढलं. ह्या सायकलीवर गठ्ठा बांधून दीडशे शाळा फिरलो. हा बघा दिवाळी अंक. माझीच गोष्ट, नाव कुणाचं? ‘संकलित’. हे एका गॅदरिंगचं पत्रक. गाढवाचं नाटक केलं, लेखक म्हणून तिथल्या हेडमास्तराचं नाव. हे गाइड. ह्यात प्रश्न आहे, नाम्यानं गाढवाला कशी हाक मारली? पाच गुणांना. लेखक कोण, हा प्रश्न कुठंच नाही. मी पत्रात पैशाचं नाव काढलं का मॅडम?”

“नाही.”

“काढणार पण नाही. पण मी कुणाच्या घरातली गोष्ट उचलली नाही. एवढं एकच पुस्तक झालं माझ्या हातनं. ते माझं आहे, एवढं तरी कुणी म्हणावं की ओ.” त्यांचा आवाज कापला आणि त्यांना त्याचाच राग आला. “आणि पुण्याची नात कौतुकानं दाखवती, आजोबा, तुमच्या गोष्टीसारखीच गोष्ट आहे बघा. सारखीच म्हणे!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वैजू माझी बाही ओढत होती. “काय म्हणतायत?”

“रागावलेत,” मी सांगितलं.

“एवढा वेळ बोलले, आणि तुमचं एवढंच?”

मग मी सगळं सांगितलं. फाइल, दिवाळी अंक, गाइड, काही न गाळता. वैजू लक्ष देऊन बघत होती आणि तिच्या कपाळाला आठी पडत चालली होती.

तेवढ्यात अप्पांनी नातीनं दिलेला टॅबलेट पुढं ओढला आणि आमचाच व्हिडिओ लावला. “आता हे बघा. तुम्हीच बघा. सुरुवातीला पोरगी कपाळाला हात लावती. हां, इथं. चांगलं आहे, गोष्टीच्या आधी देवाचं नाव घ्यावं. शेवटी परत तेच. म्हणजे देवाला दोनदा नमस्कार. आणि मला? मला एकदा पण नाही.”

मला त्यात नवीन काही नव्हतं. शूट करताना मलाही तसंच वाटलं होतं. खेड्यातली पोर, सिद्धेश्वराला आठवून सुरुवात करते. मी ते वैजूला सांगितलं, की आजोबा म्हणतात, देवाला दोनदा नमस्कार केलास आणि त्यांचं नाव एकदाही नाही.

“देव?” वैजूनं विचारलं. “कुठला देव?”

“हा काय.” मी तीन बोटं कपाळावरून फिरवली.

वैजू माझ्याकडे बघतच राहिली. मग एकेक खूण सावकाश, पहिलीतल्या पोराला सांगावं तशी करत म्हणाली, “हा देव नाही. हे त्यांचं नाव आहे.”

इथं एक सांगायला पाहिजे. बहिऱ्या मुलांमध्ये माणसाला नाव हातांनी देतात. कागदावरचं नाव त्यांच्या काय कामाचं? माणसात दिसणारी एक खूण धरतात आणि तेच नाव. माझं नाव म्हणजे नाकावरचा चष्मा बोटानं वर सरकवणं. मला ते मिळायला दीड वर्ष लागलं होतं. असं नाव स्वतःचं स्वतः घेता येत नाही आणि परक्याला देत नाहीत. आपला मानला तरच. हे मला सगळं माहीत होतं. तीन वर्षं तिथं होते की मी!

“कुणी दिलं हे नाव?” मी विचारलं.

“आम्ही. जेवताना.” वैजूनं पिशवीतनं पुस्तक काढून उलटं केलं. मागच्या पानावर छोटा फोटो होता, तरुण अप्पांचा, कपाळावर तेच तीन पट्टे. “बाळू म्हणाला, मोठे कान. कान खरंच मोठे आहेत. पण मग गाढवात आणि त्यांच्यात गोंधळ झाला असता. मग सगळ्यांनी हे ठरवलं. नाव दिल्याशिवाय त्यांची गोष्ट कशी सांगणार? पहिल्यांदा सांगितलं, ही गोष्ट ह्यांची. शेवटी परत सांगितलं, ह्यांची होती. तुम्हाला कळलं नाही?”

कळलं नव्हतं. कळलं नाही ते नाहीच, वर मी विचारलंही नव्हतं. व्हिडिओखाली सांगलीच्या एका बहिऱ्या मुलानं लिहिलं होतं, ‘तीन पट्टेवाल्यांची अजून एक गोष्ट सांग.’ मला वाटलं होतं, लिहायला चुकला बिचारा. बिचारी मी होते.

“काय म्हणती ती?” अप्पांनी विचारलं.

“अप्पा,” मी म्हणाले, “तो देव नाही. ते तुम्ही आहात. हे तुमचं नाव आहे. पोरांनी तुमचा फोटो बघून ठेवलंय. तिनं ते पहिल्यांदा घेतलं आणि शेवटी घेतलं. ज्यांना ही भाषा येते, त्या सगळ्यांना कळलं की गोष्ट कुणाची तरी आहे. आम्हालाच कळलं नाही. आणि लिहायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. चूक माझी आहे, तिची नाही.”

अप्पांनी व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला. वैजूची तीन बोटं कपाळावरून फिरली, तसा थांबवला. परत मागं नेला. असं चार-पाच वेळा केलं. मग पंचा घेऊन डोळे पुसले, चष्मा पुसला आणि एकदम माझ्यावर वस्सकन ओरडले.

“म्हणजे गोष्ट नेली न विचारता, आणि नाव ठेवलं ते पण न विचारता!”

मी दचकले. वैजूला ओरडणं ऐकू आलं नाही, तिला फक्त तोंड दिसलं, आणि ते हसत होतं. म्हणून तीही हसली. मग अप्पांनी आपली तीन बोटं कपाळावरून फिरवून तिला दाखवली. वैजूनं उठून त्यांचा हात धरला आणि दुरुस्त केला. अंगठा आत, बोटं जवळ, डावीकडून उजवीकडे. स्वतःचं नाव सरळ घ्यायला अप्पांना तीन खेपा लागल्या.

मला वाटलं, झालं. मी पर्समधून लेखी परवानगीचा कागद काढायला लागले.

“थांबा मॅडम. नावाचं मिटलं,” अप्पा म्हणाले. “कानाचं काय? माझं गाढव बहिरं का केलं?”

हे मात्र मी जाणूनबुजून होऊ दिलं होतं. पुस्तकात असं आहे, की सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत नाम्या कुंभाराचं गाढव हरवतं. नाम्या दिवसभर वणवण फिरतो. शेवटी रडवेला होऊन हाक मारतो, “राजाऽऽ, ये रे!” आणि तेवढ्या गर्दीत गाढव कान टवकारून त्याच्याकडे धावत येतं. वैजूच्या गोष्टीत हाक नव्हतीच. तिचा नाम्या बैलगाडीवर चढतो, डोक्याचं तांबडं पागोटं सोडतो आणि ते वर धरून हलवतो, हलवतो, हलवत राहतो. गाढवाला ते दिसतं आणि ते धावत येतं.

“शेवट म्हणजे गोष्टीचा जीव,” अप्पा म्हणाले. “तो बदलायचा अधिकार कुणाला नाही. विचारा तिला.”

विचारलं. वैजूनं थोडा विचार केला.

“हाक मला माहीत नाही. माहीत नाही ते कसं सांगू?”

“मग पागोटं कुठनं आणलंस?” अप्पांनी थेट तिलाच विचारलं. ते आता माझ्याकडे बघतच नव्हते. मी आपली मधल्यामध्ये हात हलवत होते.

“आई,” वैजू म्हणाली. “शनिवारी घरी जाताना वसतिगृहातल्या मावशी आम्हाला स्टँडवर सोडतात. तिथं खूप माणसं. आई कठड्यावर चढते. पदर हलवते. तांबडा. मला दिसतो. मग मी पळते.”

मी ते मराठीत आणलं. अप्पांनी वैजूच्या हातातलं पुस्तक मागून घेतलं, शेवटची पानं उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले. “‘गड्ड्यावर नुसता कल्लोळ उठला होता. हलग्या कडाडत होत्या, पाळणेवाले भोंग्यातून ओरडत होते, पिपाण्यांनी कान किटले होते. शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं.’” ते थांबले. पान उलटलं. परत मागं उलटलं.

“हे मीच लिहिलंय,” ते म्हणाले. “आणि पुढच्याच पानावर नाम्यानं हाक मारली की गाढवाला ऐकू येती. कशी येईल ओ? शेजारच्याला ऐकू येत नाही आणि गाढवाला ऐकू येती?” त्यांनी मांडीवर थाप मारली. “तीस वर्षं चुकीचा शेवट विकला मी! दीडशे शाळा, एका मास्तरानं विचारलं नाही. त्या गाइडवाल्यानं तर पाच गुण दिले!”

मग हसू लागले ते थांबेचनात. हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं. वैजूला सगळं सांगितल्यावर तिनं मान हलवली, तुम्ही चुकलात खरं, पण चालतंय, अशी.

अप्पांनी पेन घेतलं, माझा कागद पुढं ओढला. टोपण काढलं. पण सही न करता वैजूकडे वळले.

“मी पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढतोय,” ते म्हणाले. “जुना शेवट काढून तुझा घालावा म्हणतो. तुझ्या नावानं, छापून. चालेल का?”

मी हे घाईघाईनं हातांनी सांगितलं. पांगरीची पोर, तेरा वर्षांची, तिचं नाव पुस्तकात! वैजूच्या डोळ्यांत एक क्षण काहीतरी लकाकलं. मग तिनं मान हलवली.

“नाही सांगता येणार.”

मी घाबरले. समोर सही न झालेला कागद, मंगळवारी मीटिंग. मी अप्पांना दिसणार नाही असा गुडघ्याआडून हात हलवला, “हो म्हण! वेडी आहेस का, हो म्हण!” वैजूनं माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागं घेतला.

“शेवट माझा नाही,” ती म्हणाली. “आईचा आहे. तिला विचारायला पाहिजे.”

“काय म्हणाली?” अप्पांनी विचारलं.

खोटं सांगायचा मोह झाला. क्षणभरच, पण झाला. मग सांगितलं, जसंच्या तसं.

अप्पांनी पेनाला टोपण लावलं. नजर वैजूवरच होती.

“मॅडम,” ते म्हणाले, “एवढे मोठे मोठे लोक झाले, छापखानेवाले झाले, हेडमास्तर झाले. कुणाला सुचलं नाही, त्या हलकुड्याला एकदा विचारावं. आणि ही पोर आईचा हललेला पदर विचारल्याशिवाय देईना.” त्यांनी टोपण परत काढलं आणि कागदावर सही केली, पूर्ण नावानिशी, खाली दोन रेघा. “सांगा तिला, विचारून ये म्हणावं. मला घाई नाही. आई नको म्हणाली तर तसं पण कळवा.”

मी सोमवारी वाघचौरे सरांच्या टेबलावर कागद ठेवला. त्याच दिवशी व्हिडिओखाली अप्पांचं नाव लिहिलं, सगळ्यात वर. चॅनल वाचलं. पण वैजूच्या आईला विचारायचं अजून राहिलं होतं.

शनिवारी मावशींच्या जागी मीच मुलांना घेऊन बार्शी स्टँडवर गेले. परांड्याची गाडी लागलेली, माणसांची ही झुंबड, कंडक्टर बोंबलतायत. आणि कठड्यावर उभी राहून एक किरकोळ बाई पदर हलवत होती, सुंद्राबाई सरवदे. वैजू माझा हात सोडून पळाली.

मी सुंद्राबाईला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. सोलापूरचे आजोबा, पुस्तक, शेवट. तिला पहिल्यांदा काही उमगेना.

“त्यो व्हिडू मी रोज बघते की बाई, शेजारच्या फोनवर,” ती म्हणाली. “पाठ हाय मला. पर मला वाटलं, पुस्तकातच तसं लिव्हलंय.”

“पुस्तकात नव्हतं. ते वैजूनं तुमच्याकडून घेतलं. तुम्ही इथं पदर हलवता ना, तेच आहे ते.”

सुंद्राबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “म्हंजे त्यो नाम्या... मी व्हय?”

“तुम्हीच.”

ती कठड्यावर बसली. “बारकी हुती तवा लई हाका मारल्या वो मी हिला. घसा बसायचा. पोर वळून बघायची न्हाई. लोकं म्हणायची, आईला बी वळखत न्हाई. मग हाक मारायचीच सोडली.” तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला. “हिला कळतंय का बाई? पदर हलवते तवा मी हाकच मारत असते, हे कळतंय का हिला?”

वैजू आईचा चेहरा बघून माझी बाही ओढायला लागली होती. “काय झालं? का रडते?”

मी तिला विचारलं, आई पदर हलवते ते काय असतं, तुला माहीत आहे का? ती हाक आहे, हे तुला कळतं का?

वैजूनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि परत माझ्याकडे. “मग काय,” ती म्हणाली, “वारा घालत होती?”

मी ते सुंद्राबाईला जसंच्या तसं सांगितलं. ती रडता रडता खुदकन हसली आणि पोरीच्या डोक्यात एक टपली मारली.

“घाला म्हणावं त्या अप्पाला,” ती म्हणाली. “इचारलं, बास झालं.”